वेब-सेवांतील प्रवेश-टोकनांची व्यवस्था : एक ऐतिहासिक विवेचन

१

एका प्रोग्रामाने दुसऱ्या संगणकावरील सेवेकडे काही मागितले असता त्या सेवेला दोन प्रश्न सोडवावे लागतात. मागणारा कोण, हा पहिला. आणि जे तो मागतो ते मागण्याचा त्याला अधिकार आहे काय, हा दुसरा. आजच्या वेब-सेवा हे प्रश्न बहुधा ‘टोकन’ नावाच्या अक्षरमालेच्या साहाय्याने सोडवितात. प्रोग्राम आपल्या प्रत्येक मागणीबरोबर ती अक्षरमाला पाठवितो. सेवा ती तपासते आणि मागणी मान्य वा अमान्य करते. टोकन मिळविणे, जपून ठेवणे, मुदत संपण्यापूर्वी बदलून घेणे आणि गरज संपताच नाहीसे करणे, ही सर्व कामे प्रोग्रामाच्या कोडमध्ये करावी लागतात.

असे टोकन परक्याच्या हाती पडून हानी झाली की तिचे खापर प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या निष्काळजीपणावर फोडण्याचा प्रघात आहे. हा समज सर्वस्वी खोटा नाही. परंतु तो अपुरा आहे. ज्या घटनांना व्यक्तीचा प्रमाद म्हटले जाते, त्यांपैकी पुष्कळशा घटनांची मुळे टोकनाचे स्वरूप ठरविताना जाणूनबुजून स्वीकारलेल्या निर्णयांत सापडतात. ते निर्णय कोणते, ते का घेतले गेले आणि त्यांचा भार अखेर कोणावर पडला, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय.

महाराष्ट्रातील जुन्या सराफी व्यवहाराशी परिचित असलेल्यांना या विषयातील मुख्य भेद अनोळखी वाटू नये. नामजोग हुंडीची रक्कम तीत नाव घातलेल्या इसमास किंवा त्याच्या सांगण्याप्रमाणे मिळे. धनीजोग हुंडीची रक्कम ती ज्याच्या हाती असेल त्यास मिळे. दर्शनी हुंडी दाखविताच पटवावी लागे; मुदती हुंडीस ठरलेले दिवस असत. हुंडी कोणाच्या नावाची आणि किती दिवसांची, हे दोन प्रश्न टोकनाच्या बाबतीतही जसेच्या तसे उद्भवतात. त्यांत तिसरा प्रश्न मिळवावा लागतो : टोकनाने नेमके काय काय करता येईल? धारकाशी बांधिलकी, मुदत आणि मर्यादा या परवान्याच्या तीन अटी होत. या तिन्ही अटी वेबचा जन्म होण्यापूर्वीच ज्ञात होत्या, ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची ठरते.

२

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या कालविभाजन पद्धतीचे पहिले प्रात्यक्षिक इ. स. १९६१ मध्ये झाले. एकच यंत्र अनेकांनी वापरावयाचे असल्यामुळे प्रत्येकाच्या फाईली वेगळ्या राखणे आणि यंत्रवेळेचा हिशेब ठेवणे अवश्य झाले, व त्यासाठी पासवर्डाची योजना करण्यात आली. सर्व पासवर्ड एका फाईलीत लिहिलेले असत. १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याने आपल्या वाट्याचा यंत्रवेळ पुरेना म्हणून ती फाईल छापवून घेतली. ही हकीकत पुढे त्याने स्वतःच सांगितली. गुपित कोठेतरी लिहून ठेवावे लागते आणि लिहिलेले वाचले जाऊ शकते, हा धडा या क्षेत्राला असा आरंभीच मिळाला.

संगणक जाळ्यांनी जोडले जाऊ लागल्यावर प्रश्न अधिक बिकट झाला. प्रत्येक सेवेकडे पासवर्ड पाठवावयाचा म्हणजे तो वाटेत कोणालाही ऐकू जाणार. रॉजर नीडहॅम व मायकेल श्रोडर यांनी १९७८ मध्ये याला उत्तर सुचविले. दोन्ही पक्षांचा विश्वास असलेला एक मध्यस्थ सर्व्हर मागणाऱ्याला तात्पुरती किल्ली देतो, आणि तीच किल्ली सेवेसाठी मोहोरबंद केलेल्या लिफाफ्यातही घालून देतो. मागणारा तो लिफाफा सेवेपुढे ठेवतो; पासवर्ड जाळ्यावरून जातच नाही. परंतु तीन वर्षांनी, १९८१ मध्ये, डोरोथी डेनिंग व जोव्हानी सॅको यांनी या योजनेतील उणीव दाखवून दिली. लिफाफ्यावर वेळ घातलेली नसल्यामुळे एखादी जुनी किल्ली फुटली, तर तिचा लिफाफा कितीही काळानंतर पुन्हा पुढे करता येईल. त्यांनी सुचविलेला उपाय म्हणजे कालनोंद. मुदतीची अट अशा रीतीने शास्त्रीय वादातून सिद्ध झाली.

या विचारांना व्यवहारात रूप मिळाले ते त्याच संस्थेतील, १९८३ मध्ये सुरू झालेल्या, ‘प्रोजेक्ट अथीना’च्या कर्बेरॉस पद्धतीत. १९८८ मध्ये स्टायनर, न्यूमन व शिलर यांनी तिचे वर्णन प्रसिद्ध केले. सकाळी एकदा पासवर्ड दिला की वापरणाऱ्यास एक तिकीट मिळे. त्याच्या आधारे निरनिराळ्या सेवांसाठी वेगवेगळी तिकिटे मिळविता येत. मूळ तिकिटाची मुदत आठ तासांची, म्हणजे साधारणपणे कामाच्या एका दिवसाची, असे. मुख्य गोष्ट अशी की, तिकीट नुसते हाती असून भागत नसे. त्याच्याबरोबर मिळालेल्या किल्लीने त्या क्षणाची वेळ मोहोरबंद करून पाठवावी लागे. तिकीट चोरले पण किल्ली नाही, तर चोरी निष्फळ. परवान्याच्या तिन्ही अटी येथे एकत्र आढळतात : तिकीट धारकाशी बांधलेले, आठ तासांचे आणि एकाच सेवेपुरते.

तथापि एक प्रश्न कर्बेरॉसलाही टळला नाही. माणूस पासवर्ड स्मरणात ठेवतो. जो प्रोग्राम रात्री कोणी जवळ नसताना आपोआप चालतो, त्याने आपले गुपित कोठे ठेवावे? प्रोग्रामाला माणसाचे स्मरण नाही. त्याला जे ठाऊक असते ते कोठेतरी लिहिलेलेच असते. कर्बेरॉसमध्ये अशा सेवांच्या किल्ल्या त्यांच्याच यंत्रावरील एका फाईलीत ठेवीत आणि ती फाईल इतरांना वाचता येणार नाही अशी तजवीज करीत. तीन अटींव्यतिरिक्त हा चौथा प्रश्न, जागेचा प्रश्न, येथे उभा राहिला. पुढील सर्व इतिहासात तो पाठ सोडीत नाही.

३

वेबचा आरंभ मात्र या संचिताचा लाभ न घेता झाला. १९९६ मध्ये आरएफसी १९४५ या लेखात हायपरटेक्स्ट ट्रान्सफर प्रोटोकॉलच्या पहिल्या आवृत्तीचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्यातील ‘बेसिक’ पद्धतीत नाव व पासवर्ड केवळ लिपी बदलून प्रत्येक मागणीबरोबर पाठविले जात. लिपी बदलणे म्हणजे गुप्त करणे नव्हे. ती कोणासही उलटविता येते. दरम्यान १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी कुकीची कल्पना पुढे आणली होती. एकदा ओळख पटल्यावर ब्राउझरला एक खूण द्यावयाची आणि पुढे त्या खुणेवरून त्यास ओळखावयाचे, ही तिची रीत. कुकी हे धनीजोग चिन्हच होय : ते ज्याच्या हाती, तो धनी.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात वेबस्थळे केवळ वाचकांसाठी राहिली नाहीत. इतर प्रोग्रामांनाही ती सेवा देऊ लागली. त्यातून एक अनिष्ट वहिवाट पडली. एखाद्या नव्या सेवेला वापरणाऱ्याच्या मित्रांची यादी हवी असेल, तर ती त्याच्या ई-मेलचा पासवर्डच मागून घेई व तो आपल्याकडे साठवून ठेवी. एक यादी पाहू देण्यासाठी सर्व पत्रव्यवहाराची किल्ली द्यावी लागे. पुढे ती परत घ्यावयाची तर पासवर्ड बदलणे हाच मार्ग. आणि तो बदलला की इतर साऱ्या सेवाही त्याच वेळी तुटत. मर्यादा, मुदत आणि बांधिलकी यांपैकी एकही अट येथे उरली नव्हती. २००६ च्या सुमारास गूगल, याहू, फ्लिकर इत्यादी कंपन्यांनी आपापले उपाय योजिले; पण ते परस्परांशी जुळत नव्हते.

त्याच वर्षाच्या अखेरीस ट्विटरमधील ब्लेन कुक, तसेच ख्रिस मेसिना, लॅरी हॅल्फ आदी मंडळींत समाईक पद्धतीविषयी चर्चा सुरू झाली, आणि डिसेंबर २००७ मध्ये ‘ओऑथ’ची पहिली आवृत्ती सिद्ध झाली. वापरणारा मूळ सेवेच्याच पानावर जाऊन संमती देतो. परक्या प्रोग्रामाला पासवर्ड न मिळता टोकन मिळते, आणि ते टोकन इतरांस धक्का न लावता रद्द करता येते. टोकनाबरोबर एक गुप्त किल्लीही दिली जाई. मागणीची पद्धत, पत्ता, तपशील, वेळ आणि एकदाच वापरावयाचा अंक यांवर त्या किल्लीने सही करावी लागे. एप्रिल २००९ मध्ये संमतीच्या टप्प्यातील एक दोष उघडकीस आला. तो दुरुस्त होऊन एप्रिल २०१० मध्ये ही पद्धत आरएफसी ५८४९ म्हणून प्रसिद्ध झाली. ऑगस्ट २०१० च्या अखेरीस ट्विटरने आपल्या प्रोग्रामी सेवेसाठी पासवर्ड स्वीकारणे बंद केले.

४

ओऑथच्या पहिल्या आवृत्तीतील सही सुरक्षित होती, परंतु ती करणे त्रासाचे होते. सर्व तपशील ठरावीक क्रमाने लावावयाचे, विशिष्ट अक्षरे विशिष्ट रीतीने बदलावयाची, मग त्यांची एक अक्षरमाला करून तिच्यावर सही करावयाची. एखादे चिन्ह चुकीच्या रीतीने बदलले गेले की सही जुळत नसे, आणि चूक कोठे झाली हे सर्व्हरच्या उत्तरावरून क्वचितच कळे. शिवाय जो प्रोग्राम लोकांच्या संगणकांवर अथवा फोनवर उतरविला जातो, त्याच्या पोटात दडविलेली किल्ली शोधून काढता येते. तेथे सहीचा आधार मुळातच लंगडा पडतो. दूरसंवाद सांकेतिक करणारी टीएलएस पद्धत आता सर्वत्र उपलब्ध होत आहे. मग प्रत्येक मागणीवर वेगळी सही कशाला, असा युक्तिवाद पुढे आला.

हाच युक्तिवाद विजयी झाला. ऑक्टोबर २०१२ मध्ये आरएफसी ६७४९ व ६७५० यांद्वारे ओऑथची दुसरी आवृत्ती प्रसिद्ध झाली. तीत सहीची सक्ती नाही. टोकन ज्याच्या हाती असेल त्यास ते वापरता येते. किल्ली जवळ असल्याचे सिद्ध करावे लागत नाही. नामजोग हुंडीच्या जागी धनीजोग हुंडी आली. हा बदल निर्विरोध झाला असे मात्र नाही. दीर्घकाळ या आवृत्तीचे संपादन करणारे एरन हॅमर यांनी जुलै २०१२ मध्ये राजीनामा देऊन आपले नाव काढून घेतले. सहीचा त्याग हा त्यांच्या आक्षेपांतील एक प्रमुख मुद्दा होता.

या निर्णयाचा केवळ धिक्कार करणे इतिहासदृष्ट्या न्याय्य होणार नाही. एका ओळीत टोकन जोडून मागणी पाठविता येते, या सोयीमुळेच वेब-सेवांचा वापर सामान्य प्रोग्रामकारांच्या आवाक्यात आला. नव्या आवृत्तीच्या कर्त्यांना धोका अज्ञात होता असेही नाही. आरएफसी ६७५० मध्येच अशा टोकनांची मुदत एक तास किंवा त्याहून कमी ठेवावी आणि ती पानांच्या पत्त्यांत घालू नयेत, असे सुचविले आहे. सोडलेल्या बांधिलकीची भरपाई मुदतीने व मर्यादेने करावी, असा हा हिशेब होता. मात्र मुदत लहान केली की टोकन वारंवार बदलावे लागते. त्यासाठी दुसरे, दीर्घ मुदतीचे नूतनीकरण-टोकन जवळ बाळगावे लागते. सही करण्याचे श्रम वाचले. त्यांच्या जागी टोकनाची निगा राखण्याचे श्रम आले.

५

हे श्रम कोणत्या प्रकारचे आहेत ते थोडे तपशिलाने पाहणे उचित होईल. प्रोग्रामाने टोकनाबरोबर त्याची मुदतही नोंदवून ठेवावी लागते. दोन यंत्रांची घड्याळे तंतोतंत जुळत नसल्यामुळे मुदत संपण्याच्या थोडे आधीच नूतनीकरण करणे इष्ट असते. सेवेने ४०१ क्रमांकाचे उत्तर दिले, तर नवे टोकन घेऊन मागणी एकदा पुन्हा पाठविणे योग्य. ४०३ क्रमांकाचे उत्तर आले, तर बहुधा अधिकारच अपुरा असतो, तेथे नूतनीकरणाचा उपयोग नाही. एकाच वेळी अनेक कामे चालविणाऱ्या प्रोग्रामात आणखी एक अडचण उद्भवते. काही सेवा प्रत्येक नूतनीकरणाच्या वेळी जुने नूतनीकरण-टोकन बाद करून नवे देतात, आणि बाद झालेले पुन्हा पुढे आले तर चोरी झाली असे मानून त्या कुळातील सर्व टोकने रद्द करतात. प्रोग्रामाच्या दोन शाखांनी एकाच क्षणी एकच टोकन पाठविले, तर सेवेच्या दृष्टीने त्यांपैकी एक शाखा चोर ठरते. म्हणून नूतनीकरण एका वेळी एकाच शाखेने करावे आणि इतरांनी तिच्यासाठी थांबावे, अशी कुलूपबंदी कोडमध्ये घालावी लागते.

याहून कठीण तो जागेचा प्रश्न. सर्वांत सोपी जागा म्हणजे कोडच. आणि गिटसारख्या पद्धतींत कोडचा सर्व पूर्वेतिहास जतन होत असल्यामुळे आज पुसलेली ओळ कालच्या आवृत्तीत शिल्लक राहते. मे २०१४ मध्ये उबर कंपनीच्या माहितीसाठ्यात परक्यांनी प्रवेश केला तो एका अभियंत्याने गिटहबवर उघडपणे ठेवलेल्या किल्लीने. त्या किल्लीस संपूर्ण प्रशासकीय अधिकार होते. २०१६ मध्ये त्याच कंपनीच्या खाजगी कोडसाठ्यात शिरलेल्यांना तेथे दुसरी किल्ली सापडली, आणि वापरणारे प्रवासी व चालक मिळून सुमारे ५ कोटी ७० लक्ष व्यक्तींची माहिती त्यांच्या हाती गेली. ही गोष्ट नोव्हेंबर २०१७ मध्ये जाहीर झाली.

उबरचे हे उदाहरण सावधपणे वाचले पाहिजे. ज्या ॲमेझॉन-सेवेची ती किल्ली होती, तेथे मागणीवर सही करावी लागते. म्हणजे बांधिलकीची अट तेथे पाळलेली होती. तरीही हानी टळली नाही. कारण ज्या किल्लीने सही करावयाची तीच कोडमध्ये लिहिलेली होती, तिला मुदत नव्हती आणि २०१४ च्या प्रसंगी मर्यादाही नव्हती. सही टिकली असती तर सर्व काही ठीक झाले असते, असा निष्कर्ष म्हणूनच काढता येत नाही. तिन्ही अटी व जागा ही परस्परांना आधार देणारी व्यवस्था आहे.

हा दोष मूठभर लोकांपुरता नव्हता, हे नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासावरून दिसून येते. गिटहबवरील एक लाखाहून अधिक उघड्या कोडसाठ्यांत किल्ल्या व टोकने आढळली, आणि दररोज हजारो नव्या गुपितांची त्यांत भर पडत होती. एवढ्या प्रमाणावर घडणाऱ्या गोष्टीस व्यक्तिगत प्रमाद म्हणणे कठीण आहे.

उपाय योजिले गेले ते याच जाणिवेतून. हेरोकु कंपनीतील अनुभवावरून २०११ मध्ये मांडल्या गेलेल्या ‘बारा तत्त्वां’त अशा गोष्टी कोडबाहेर, परिसर-चलांत ठेवाव्यात असे सांगितले होते. त्याची कसोटीही सोपी होती : आपला कोड या क्षणी जगासमोर ठेवला, तर एखादे गुपित फुटेल काय? २०१२ पासून ॲमेझॉनने आपल्या भाडोत्री यंत्रांना त्यांच्या नियुक्त भूमिकेवरून अल्प मुदतीच्या किल्ल्या आपोआप पुरविण्यास आरंभ केला; त्यामुळे कोडमध्ये काही लिहिण्याचे कारणच उरले नाही. २०१८ मध्ये गिटहबने उघड्या कोडमधील टोकने शोधून संबंधित सेवांना कळविण्यास सुरुवात केली. या शोधात एक विलक्षण अडचण होती. गिटहबची टोकने सोळा चिन्हांच्या अंकलेखनातील चाळीस अक्षरांची असत, आणि गिटमधील प्रत्येक आवृत्तीचे नावही तसेच चाळीस अक्षरांचे असते. गुपित कोणते आणि निरुपद्रवी नाव कोणते, हे यंत्राला ओळखता येईना. म्हणून एप्रिल २०२१ मध्ये टोकनांचे रूपच बदलण्यात आले : आरंभी टोकनाचा प्रकार सांगणारी तीन अक्षरे व अधोरेषा, आणि शेवटी पडताळणीची सहा अक्षरे. गुपिताने आपण गुपित आहोत हे सांगावे, हा वरवर विसंगत दिसणारा विचार येथे संरक्षणाचा मार्ग ठरला.

६

धनीजोग टोकनाची मूळ उणीव मात्र केवळ जागा बदलल्याने भरून निघत नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये फेसबुकच्या एका सोयीतील दोषांमुळे वापरणाऱ्यांची टोकने परक्यांच्या हाती गेली. आरंभी ५ कोटी खाती बाधित असल्याचे सांगण्यात आले, पुढे तो आकडा ३ कोटींवर आला. खबरदारी म्हणून एकूण सुमारे ९ कोटी खात्यांची टोकने रद्द करावी लागली. एप्रिल २०२२ मध्ये हेरोकु व ट्रॅव्हिस-सीआय या सेवांना दिलेली टोकने चोरली जाऊन त्यांच्या बळावर गिटहबवरील अनेक संस्थांचे खाजगी कोडसाठे उतरवून घेण्यात आले. या दोन्ही प्रसंगी टोकन वापरणाऱ्याच्या कोडमध्ये उघडे पडलेले नव्हते. ते हाती येताच चालत होते, एवढेच पुरेसे ठरले.

त्यामुळे सोडून दिलेल्या बांधिलकीकडे परतण्याचे प्रयत्न सुरू झाले. टोकन ब्राउझरच्या जोडणीशीच बांधण्याची एक योजना २०१८ मध्ये प्रमाणित झाली; परंतु त्याच वर्षी क्रोममधून तिचा आधार काढून घेण्यात आल्याने ती रुजली नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये आरएफसी ८७०५ ने प्रमाणपत्राशी बांधलेली टोकने आणली. सप्टेंबर २०२३ मध्ये आरएफसी ९४४९ ने प्रत्येक मागणीबरोबर किल्ली जवळ असल्याचा सहीसह पुरावा पाठविण्याची रीत सिद्ध केली. जानेवारी २०२५ च्या आरएफसी ९७०० या मार्गदर्शक लेखात टोकने अशा रीतीने बांधावीत अशी शिफारस आहे; तसेच २०१२ च्या आवृत्तीत एक पर्याय म्हणून राहू दिलेली, वापरणाऱ्याचा पासवर्डच प्रोग्रामाला देण्याची रीत तीत निषिद्ध ठरविली आहे. मागणीची पद्धत, पत्ता, वेळ आणि एकदाच वापरावयाचे चिन्ह यांवर सही करण्याची २०२३ मधील योजना पाहिली, की २००७ मधील ओऑथचे आणि त्याही मागे १९८८ मधील कर्बेरॉसचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही.

या परतण्यात एक भेद आहे आणि तो विसरता कामा नये. आज सही करण्याचे काम प्रोग्रामकाराला हाताने करावे लागत नाही. ते तयार ग्रंथालये करतात, आणि किल्ली कित्येकदा यंत्रातील सुरक्षित भागातून बाहेर येतच नाही. २०१२ मध्ये ज्या अडचणीमुळे सही टाकून दिली गेली, ती अडचण तत्त्वाची नव्हती, साधनांची होती. साधने सुधारेपर्यंतच्या काळात बांधिलकीची किंमत निगेच्या रूपाने प्रोग्रामकारांनी, आणि गळतीच्या रूपाने ज्यांचा या निर्णयांशी काहीच संबंध नव्हता अशा वापरणाऱ्यांनी चुकविली.

म्हणून कोडमधील टोकनव्यवस्थेचा अभ्यास करणाऱ्याने प्रत्येक टोकनाला चार प्रश्न विचारावेत : हे कोणाचे, किती काळाचे, कशापुरते, आणि कोठे लिहिलेले? पहिल्या तिन्ही प्रश्नांची समाधानकारक उत्तरे १९८८ पर्यंत हाती आलेली होती. चौथ्याचे सर्वांत चांगले उत्तर आजवरच्या अनुभवावरून असे दिसते की, गुपित शक्य तो लिहूच नये. गरजेच्या वेळी मिळवावे, स्मृतीत धरावे आणि काम होताच सोडून द्यावे. ते लिहिणे अटळच असेल तेथे, आज ना उद्या ते वाचले जाणार असे गृहीत धरूनच त्याची मुदत व मर्यादा ठरविली पाहिजे.